ओल काढलेलं बी

कोणाला दागिन्यांचा गर्व असतो, कोणाला लेकाच्या नोकरीचा. आमच्या अक्कांना वांग्याचा होता. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. सगळं गाव त्यांना अक्का म्हणतं म्हणून मीही म्हणते. लग्नानंतरची पहिली चार वर्षं मी मनातल्या मनात त्यांना आणखी काय काय म्हणायचे, ते इथे लिहिण्यासारखं नाही. आता आम्ही दोघीही म्हाताऱ्या झालो. त्या माझ्याहून सतरा वर्षांनी जास्त म्हाताऱ्या आहेत आणि मीठ कुठल्या डब्यात ठेवायचं ते आमच्या घरात अजूनही त्याच ठरवतात.

वांगं भरताचं. हिरवट पांढरं, अंगावर फिक्या रेघा, एका हातात धरलं तर दुसऱ्या हाताचा आधार द्यावा लागतो एवढं. कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या जाळावर भाजलं की साल एका ओढीत निघते आणि आत बी अगदी थोडं. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, वरून चरचरीत फोडणी आणि सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. पाहुणे भरीत खाऊन तृप्त झाले की अक्का म्हणायच्या, "आज जमलं नाही तेवढं." मग पाहुण्यांनी दहा मिनिटं जमलं जमलं म्हणायचं, आणि अक्कांनी ते खाली मान घालून ऐकायचं. हा कार्यक्रम दर हिवाळ्यात चार-पाच वेळा व्हायचा. मला तो तोंडपाठ झाला होता.

हे बी अक्कांच्या माहेरचं. लग्नात त्यांच्या आईनं ओटीतल्या तांदळाबरोबर बांधून दिलेलं. अक्कांना मूलबाळ झालं नाही. माझी तिन्ही लेकरं त्यांच्याच मांडीवर वाढली, पण माझ्यावर रागावल्या की म्हणायच्या, "तुले तुही लेकरं आहेत, माह्यं एवढं वांगंच आहे." अशा बाईशी भांडायचं तरी कसं?

मी शिंदखेड्याकडची. धुळे जिल्हा. जळगावच्या या अंगाला आले तर इथली बोली वेगळी. मी 'आहे'च्या जागी 'शे' म्हणाले की चुलीपुढच्या बायका तोंडाला पदर लावायच्या. अक्का मात्र कधी हसल्या नाहीत. त्या नुसत्या ऐकून घ्यायच्या आणि चार दिवसांनी भर पंगतीत माझी नक्कल करायच्या. हुबेहूब करायच्या, हेही कबूल करायला हवं.

तर आमच्या गावाची एक रीत आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावच्या लेकी माहेरी येतात, झोके खेळतात, आमरसावर ताव मारतात आणि परत सासरी निघताना घराघरांतून बी मागून नेतात. गिलक्याचं म्हणजे घोसाळ्याचं, भोपळ्याचं, वालाचं, मिरचीचं. बी मागायला आलेल्या लेकीला नाही म्हणायचं नसतं. नाही म्हटलं तर त्या घरचं पीक रुसतं, असं मानतात. आता अक्कांची पंचाईत अशी, की त्यांना वांग्याचं बी कोणाला द्यायचंही नव्हतं आणि नाही म्हणून पीक रुसवायचंही नव्हतं.

लग्नानंतरच्या दुसऱ्या आखाजीला मला सातवा महिना होता, म्हणून माहेरी धाडलं नाही. सणाच्या आदल्या दिवशी अक्कांनी फळीवरून एक मडकं काढलं. फळीवर अशी दोन मडकी होती. दोन्हींत राखेत कालवलेलं वांग्याचं बी. एकाच्या तोंडाला लाल चिंधी, दुसऱ्याच्या पांढरी. लाल चिंधीचं घरचं आणि पांढऱ्या चिंधीचं द्यायचं. अक्कांनी पांढरं माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाल्या, "तवा ठेव. बियाची ओल काढ."

मला वाटलं, असेल इकडची पद्धत. राख चाळून बी तव्यावर घातलं आणि लगेच उतरवायला लागले, तर अक्का म्हणाल्या, "अजून. रंग बदलू देऊ नको, पण हाताले चटका बसला पाहिजे." आमच्याकडे शेंगदाणे असे भाजतात. मी म्हटलं, "अक्का, असं भाजल्यावर ते उगवेल कसं?"

अक्कांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग शांतपणे म्हणाल्या, "बी काय, कोणीबी पेरते. हात लागते बाई, हात."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वर्षानुवर्षं गावच्या लेकी अक्कांकडून मूठमूठ बी घेऊन सासरी जात होत्या, वाफे करत होत्या, पाणी घालत होत्या, आणि पुढच्या आखाजीला येऊन सांगत होत्या की उगवलंच नाही. अक्का हळहळायच्या. माती कशी होती, पाणी कोणत्या वेळी घातलं, सगळी चौकशी करायच्या. शेवटी ठरलेलं, "हात लागते बाई." आणि त्या बिचाऱ्या आपापल्या हातांकडे पाहत पुन्हा मूठभर मेलेलं बी पदरात बांधून निघायच्या. मला राग आला आणि हसूही आलं. सातव्या महिन्यात दोन्ही एकदम येणं बरं नाही, म्हणून मी गुपचूप बी हलवत राहिले.

दुसऱ्या दिवशी भुसावळहून चाचा आले. चाचा म्हणजे आमची वांगी घेणारे भाजीचे व्यापारी. बाजारात ते आमच्या वांग्यांचा ढीग वेगळा लावायचे. दर आखाजीला आमरसाला यायचे, त्या वर्षी बायकोला घेऊन आले. पुरुष ओसरीवर जेवायला बसले आणि ती आत माझ्यापाशी येऊन बसली. मी कोणाला तरी तूप दाखवत म्हणाले, "तूप आठे शे," तर तिनं मान वर केली.

"तू कठली शे?" ती म्हणाली.

"शिंदखेडाकडनी."

"मन्हं मायेर नरडाणा," ती म्हणाली आणि माझा हात धरला.

आता हे कोणाला सांगून कळणार नाही. दीड वर्षात माझ्या बोलीत माझ्याशी बोललेलं ते पहिलं माणूस. नरडाणा आमच्या गावापासून हाकेवर. तिच्या आईच्या घरामागचं चिंचेचं झाड मला माहीत होतं आणि आमच्या गावचा बाजार तिला. आम्ही दोघी चुलीपुढे इतक्या बोललो की आमरसाची दुसरी वाटी वाढायची राहिली. निघताना ती म्हणाली, भाभीलाही बी द्या की थोडं, घरामागे डबे आहेत, त्यात लावीन. स्वतःलाच भाभी म्हणायची तिची सवय, त्यामुळे मीही तिला भाभीच म्हणायला लागले.

मी फळीपाशी गेले. पांढऱ्या चिंधीकडे हात नेला, आणि तो हात काही ते मडकं उचलेना. मी लाल चिंधी सोडली. मूठभर जिवंत बी काढून तिच्या रुमालात बांधलं आणि कानात म्हटलं, "कोणले सांगू नको."

ओसरीवरून अक्कांचा आवाज आला, "ओल काढलेलं दिलं ना वं?"

"हो अक्का," मी म्हटलं. अक्कांशी बोललेलं ते माझं पहिलं खोटं. नंतर सराव झाला.

त्या गोष्टीला तीस-पस्तीस वर्षं झाली. मधल्या काळात पुष्कळ झालं. आमच्या यांनी केळी लावली, ठिबक केलं. शेजारच्या शेतांत दुकानातलं वांग्याचं बी आलं, दर वर्षी नवं पाकीट. एका उन्हाळ्यात वादळ आलं आणि उभी केळी दुपारी तासाभरात आडवी झाली. तो हिवाळा घरानं अक्कांच्या वांग्यांवर आणि कुंपणावरच्या वालावर काढला. तरी आमचे हे म्हणतात, वांगं ते वांगंच, केळीची सर त्याला नाही. चाचा वारले, वांगी दुसऱ्या व्यापाऱ्याकडे जाऊ लागली आणि भाभीची भेट संपली. अक्कांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आले. डॉक्टर म्हणायचे काढू, अक्का म्हणायच्या मला सगळं दिसतं. ओल काढायचं काम मात्र त्यांनी पुन्हा कोणावर सोपवलं नाही. दर आखाजीच्या आदल्या दिवशी स्वतः तवा ठेवायच्या.

मग एका वर्षी, आखाजी होऊन आठवडा झाला असेल, गावात एका सामाजिक संस्थेची ताई आली. तिच्या फलकावर शाश्वत शेती, अन्नसुरक्षा, हवामान बदल, असं सगळं लिहिलेलं होतं आणि फलक एवढा मोठा की मारुतीच्या देवळाचं दारच झाकलं गेलं. देवाला दोन तास बाहेरचं काही दिसलं नसेल. पण पोरगी चांगली होती. बोलण्यापेक्षा ऐकायची जास्त. ती म्हणाली, गावाची बियाणे बँक करू, जुनं गावरान बी जमवू, पुन्हा घराघरांत वाटू. दुकानातलं बी महाग झालं, पाऊस लहरी झाला, अशा वेळी इथल्या मातीत रुळलेलंच बी तग धरतं. "आणि मावशी, एकाच घरात असलेलं बी केव्हाही जाऊ शकतं. दहा घरांत असलं तर जात नाही."

सगळ्या बायकांनी माना वळवून अक्कांकडे पाहिलं. अक्कांनी देवळाच्या खांबाकडे पाहिलं.

पण नाही कसं म्हणणार? रीत आडवी आली. ताई म्हणाली बरणीभर द्या, अक्का म्हणाल्या उद्या ने. घरी येताना वाटेत मला म्हणाल्या, "दहा घरं म्हणते. ऐकलं का?" मी म्हटलं, "ऐकलं अक्का."

द्यायच्या मडक्यातल्या बियाची ओल तर आखाजीच्या आधीच काढलेली होती. पण ही शिकलेली पोर, बँकवाली, हिच्या बाबतीत उगाच जोखीम नको, म्हणून अक्कांनी दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा एकदा तवा ठेवला. मडकंच्या मडकं भाजून काढलं. मी गोठ्यातून येताना वास घेतला आणि मनात म्हटलं, अक्का, किती वेळा माराल त्याला.

ताईनं बरणी नेली. पुढच्या बैठकीत तिनं सगळ्यांसमोर प्रत्येक वाणाच्या शंभर-शंभर बिया मोजल्या आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवल्या. दहा दिवसांनी उघडलं. गिलकं उगवलं होतं, वाल उगवला होता, मिरचीसुद्धा. अक्कांच्या वांग्याच्या शंभरातली एकही बी फुटली नव्हती. ताई बिचारी संकोचून म्हणाली, "जुनं असेल मावशी."

"जुनं कशाचं, यंदाचं आहे," अक्का म्हणाल्या. "हात लागते बाई." मी पदर तोंडात कोंबून देवळामागे गेले आणि पोट दुखेपर्यंत हसले.

ते हसू मला पुढे महागात पडलं.

मृग लागायच्या सुमारास अक्कांनी घरामागे आपला वाफा केला. माती चाळून घेतली, शेणखत मिसळलं, बी टाकलं, वरून पेंढा अंथरला. रोज दोन वेळा हातानं पाणी शिंपडायच्या. आठव्या दिवशी पेंढा उचलून पाहिला, काही नाही. बाराव्या दिवशी दुसरा वाफा केला. तोही तसाच राहिला. त्यांना दिसत नसेल म्हणून मी वाकून पाहिलं. गवताची दोन पानं होती, बाकी माती.

त्या दिवशी दुपारी अक्कांनी दोन्ही मडकी खाली काढली. बोटांनी चिंध्या चाचपल्या. मग माझ्या सुनेला हाक मारली आणि विचारलं, "चिंध्या कोणी बदलल्या?"

आमची सून स्वच्छतेची वेडी. आनंदानं म्हणाली, "मी बदलल्या. आखाजीचे पाहुणे गेल्यावर फळी धुतली ना, तेव्हा. किती कळकट झाल्या होत्या. माझ्या जुन्या निळ्या ड्रेसचं कापड लावलं दोन्हींना. छान दिसतात ना?"

"छान दिसतात," अक्का म्हणाल्या.

सून गेली. तिचा काय दोष? ओल काढायची भानगड तिला कोणी सांगितलीच नव्हती. अक्कांनी दोन्ही मडक्यांतली चिमूट चिमूट बी तळहातावर घेऊन दाताखाली धरली आणि थुंकली. द्यायचं मडकं आखाजीच्या आधी भाजलेलं. फळी धुताना मडक्यांच्या जागाही बदलल्या होत्या, म्हणून संस्थेला फसवायला पुन्हा भाजलं ते घरचं.

"दोन्ही गेली," अक्का मला म्हणाल्या. "माह्याच हातानं." मग त्यांनी दोन्ही मडक्यांना निळ्या चिंध्या नीट बांधल्या आणि मडकी फळीवर ठेवून दिली.

मला खरं तर हसू यायला हवं होतं. तीस वर्षं मी याच दिवसाची वाट पाहत होते म्हटलं तरी चालेल. पण आलं नाही. ती बाई भिंतीला टेकून बसली होती, तिच्या आईनं ओटीत बांधून दिलेलं जगात कुठे उरलं नव्हतं, आणि ओरडायला समोर दुसरं कोणी नव्हतं. अक्का त्या रात्री जेवल्या, पण मीठ कमी होतं तरी बोलल्या नाहीत. तेव्हा मी घाबरले.

मला एक जागा माहीत होती. पण सांगायचं कसं? सांगायचं म्हणजे लाल चिंधी सांगायची, ओसरीवरचं ते 'हो अक्का' सांगायचं. आणि भाभी असेल का? असली तरी एवढ्या वर्षांत डब्यातलं झाड कोण टिकवून ठेवतं? उगाच आशा लावून ती फुकट गेली तर? दोन दिवस मी घरात भांडी आपटत फिरले. तिसऱ्या दिवशी म्हटलं, भुसावळला जाते बांगड्या भरायला. एरवी अक्कांनी या वयात कसल्या बांगड्या म्हणून माझं सगळं माहेर काढलं असतं. त्या नुसत्या "जा" म्हणाल्या.

बाजारामागच्या गल्लीत विचारत विचारत गेले. चाचांचं घर तेच होतं, वर एक मजला चढला होता. दारात भाभी मेथी निवडत बसलेली. केस पांढरे, चष्मा जाड, पण आवाज तोच.

"वं माय, तू शे का? ये, बठ."

पाणी झालं, चहा झाला, कोण कोण गेलं आणि कोण कोण राहिलं ते झालं. शेवटी मी धीर करून म्हटलं, "भाभी, ते वांग्याचं बी..."

"चोरीनं दियेल ते?" ती हसली आणि गुडघ्यावर हात देऊन उठली. "चाल वर."

गच्चीवर मी पाहतच राहिले. रंगाचे डबे, तेलाचे डबे, धुण्याच्या मशीनचा फुटका टब, आणि प्रत्येकात माती. एका कोपऱ्यात फळांच्या खोक्यात दाट, हिरवीगार, चार-चार पानांवर आलेली रोपं. मी वाकून पानावरून बोट फिरवलं. मला रडू आलं. भाभी म्हणाली, रडतेस काय, पाणी घालून झालंय त्यांना.

मग तिनं सांगितलं. पहिल्या वर्षी डब्यात दोन झाडं आली. बी धरलं, शेजारणीला दिलं. शेजारीण रेल्वे क्वार्टरमधल्या बहिणीकडे घेऊन गेली. धाकटी लेक धुळ्याला दिली, तिच्या सासरी लागलं. नरडाण्याला भावजयीनं बांधावर लावलं. तिथून कुठे कुठे गेलं, तिला ठाऊक नाही. "बठ्ठी गल्ली हाईच वांगं खास," ती म्हणाली. म्हणजे एवढी वर्षं अक्का लाल चिंधी सांभाळत होत्या आणि इकडे सगळी गल्ली तेच वांगं भाजून खात होती. माझ्या माहेरच्या शिवारापर्यंतसुद्धा ते पोचलं असेल, कोणी सांगावं.

तिनं खोकंभर रोपं दिली, वर कागदाच्या पुडीत बी दिलं. जिना उतरताना मी म्हटलं, भाभी, अक्कांना काय सांगू? तिनं पुडी माझ्या हातात दाबली.

"अक्काले सांगजो, भाजेल नई शे."

मी पायरीवरच थांबले. मी तिला भाजण्याबद्दल कधी अक्षरही बोलले नव्हते. ती म्हणाली, त्याआधी अक्कांनी चाचांना दोनदा बी दिलं होतं, दुसऱ्या शेतकऱ्यांसाठी. दोन्ही वेळा उगवलं नाही. मग तू दिलेलं उगवलं. चाचा जन्मभर भाजीच्या धंद्यात होते, त्यांना काय समजायचं ते समजलं. तरी दर आखाजीला येऊन अक्कांच्या हाताचं कौतुक करून जायचे. "घर बडं व्हतं, बाई चांगली व्हती," भाभी म्हणाली. "एक गोष्ट सोडाले काय जास?"

घरी आले तेव्हा अक्का ओसरीवर होत्या. मी खोकं त्यांच्या पायांशी ठेवलं. त्यांनी विचारलं काय आहे, मी म्हटलं बघा. त्यांनी एका पानाचं देठ दोन बोटांत धरलं, पान उलटं केलं, चुरगाळून नाकाशी नेलं. खूप वेळ नाकाशीच धरून ठेवलं.

"हे आपलं आहे," त्या म्हणाल्या. "कोठून आणलं?"

मग मी सांगितलं. लाल चिंधी, रुमाल, नरडाणा, सगळं. अठ्ठावन्न वर्षांची मी, सून आतून ऐकतेय, आणि मी जावेपुढे नव्या नवरीसारखी उभी.

"त्या टायमाले मी तुले विचारलं होतं," अक्का म्हणाल्या.

"हो अक्का."

"तू हो म्हणाली होती."

"हो."

मी म्हटलं, आता पडेल वीज. पण त्यांनी विचारलं, "तिनं कोणाकोणाले दिलं?" मी सांगितलं: गल्ली, क्वार्टर, धुळं, नरडाणा.

"अन् सगळ्यांचं उगवलं?"

"सगळ्यांचं."

अक्कांनी पान खोक्यात ठेवलं. स्वतःचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले, जेवढे दिसत होते तेवढे. "मंग हाताचं काही नसते म्हणायचं," त्या म्हणाल्या. भाभीचा निरोप मी त्यांना सांगितला नाही. तो त्यांना आधीच पोचला होता.

रोपं लागली. हिवाळ्यात वांगी आली, तीच हिरवट पांढरी, तेवढीच जड. पहिल्या तोड्याची टोपली अक्कांनी भुसावळला धाडली. मला म्हणाल्या, "तू घेऊन जा. अन् बांगड्याही भरून ये, मागच्या वेळी रिकाम्याच हातानं आली होती." म्हणजे माझे हात त्या दिवशीही त्यांनी पाहिलेच होते. मोतीबिंदूचं ऑपरेशनही त्याच हिवाळ्यात उरकलं.

मग आखाजी आली. आदल्या दिवशी मी उगाच चुलीपाशी घुटमळत राहिले. तवा भाकरीपुरताच चढला आणि उतरला.

सण झाला, लेकी परत निघाल्या. त्यांच्यात एक पन्नाशीची होती. आमच्याच गल्लीतली लेक, भडगावकडे दिलेली. आमची दोघींची लग्नं एकाच वर्षी, मी या गावात आले आणि ती इथून गेली. तेव्हापासून दर आखाजीला ती अक्कांकडे बी मागायची आणि दर वर्षी उगवलं नाही म्हणून सांगायची. एव्हाना सांगायचंही तिनं सोडलं होतं, नुसता पदर पुढे करायची.

अक्कांनी मडक्यात हात घातला. मूठ तिच्या पदरात सोडली आणि तिचं मनगट धरलं. ओसरीवर आणखी सात-आठ बायका होत्या. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात अक्का म्हणाल्या, "यंदा उगवेल."

मी खाली पाहिलं. त्या लेकीनं पदराला शांतपणे गाठ मारली आणि म्हणाली, "माहेरचं बी आहे अक्का. नाही उगवलं तरी मी दर वर्षी पेरतच होते."

अक्कांचा हात तिच्या मनगटावर तसाच होता. दुसऱ्या हातानं त्यांनी मडकं माझ्याकडे सरकवलं आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "तिले अजून दे."